आरशात न दिसलेली बाई

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचताना कदाचित माझ्याविषयी सहानुभूती वाटेल, आणि ती मला नको आहे. एका माणसाच्या हातून काहीही घडलेलं नव्हतं. मी सरकारी कागदावर लिहिलं की घडलं. त्यावर सही केली, शिक्का उमटवला आणि तो कागद त्याच्याच हातात दिला.

मी समुपदेशक आहे. बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बसतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण यात दवाखान्याचा काही दोष नाही. मनोविकारतज्ज्ञ मॅडम दर गुरुवारी जिल्ह्याहून येतात. बाकीचे दिवस आलेल्या माणसांशी बोलायचं, नोंद करायची, गरज वाटली तर मॅडमकडे रेफर करायचं, एवढं माझं काम. गोळ्या देण्याचा अधिकार मला नाही. माझ्याकडे फक्त कान आहेत. त्या दिवशी तेच कमी पडले.

सोमवार होता. ओपीडी संपत आली होती. दारात चाळिशीच्या आतला एक माणूस उभा राहिला. अंगात खाकी शर्ट.

"जयभीम सर," तो म्हणाला. "तुमच्या मावशीच्या गावाशेजारचा हाय मी. केज ते युसूफ वडगाव काळीपिवळी जीप चालवतो."

त्याचं नाव इथे उत्तम ठेवतो. हे लिहायला त्यानं परवानगी दिली आहे, नाव बदलायच्या अटीवर. तो आपला माणूस म्हणून माझ्याकडे आला होता, हे मला त्याच वेळी कळलं आणि बरंही वाटलं.

तो खुर्चीच्या काठावर बसला.

"सर, मी एक बाई मारली."

मी पेन खाली ठेवलं.

"कुठं?"

"वडगावच्या अलीकडं. नळकांडी पूल हाय बगा, दोनी अंगाला ऊस. तितं. हिरवं लुगडं हाय अंगावर."

"कधी झालं हे?"

"गेल्या मंगळवारी. दुपारच्याला."

"मग तू थांबला नाहीस?"

"तवा न्हाई थांबलो. मागनं गेलतो बगायला. लई डाव गेलतो."

"काय दिसलं?"

"काईच न्हाई. म्हून तर आलो."

तीन वाक्यांत त्यानं त्याचा सगळा आजार माझ्यासमोर ठेवला होता. पण माझं लक्ष बाईकडे होतं.

"नक्की काय झालं, सांग."

"गाडी रिकामी होती. पुढच्या काचंतनं दिसली. पुलाच्या कठड्यापाशी हुबी. गाडीकडंच तोंड करून. मी बाजूनं गेलो. जरा दणका बसल्यावानी झालं. मग आरशात पायलं, तर न्हाई." त्यानं मान वर केली. "पुढं होती आन् मागं न्हाई. मंग गेली कुटं सर? चाकाखालीच ना?"

भर दुपार होती. पंखा फुल्ल होता. तरी माझ्या मानेवर काटा आला. त्याच्या हिशोबात मला कुठे फट सापडेना. समोर आहे, मागे नाही, मधे फक्त गाडी. त्यानं हे हळू आवाजात, अगदी क्रमानं सांगितलं. वेडा माणूस असं सांगत नाही, असं मला वाटलं. हे मात्र बरोबर होतं. तो वेडा नव्हताच.

मग त्यानं विचारलं, "सर, तुमाला काय वाटतं? मारली आसंल मी?"

याला मी जे उत्तर दिलं ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हटलं, "तुझं मन तुला खोटं कशाला सांगेल?"

वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की मनातलं बोला, मन मोकळं केलं की हलकं वाटतं. त्या खोलीत तशी पाटीही लावलेली आहे. समोरचा माणूस कबुली देतोय म्हटल्यावर मी हरखलो, हे कबूल करतो. शिवाय खरंच एखादी बाई उसात पडली असेल, जिवंत असेल, असंही वाटलं. रुग्णानं सांगितलेलं आम्ही बाहेर सांगत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच सांगतो. मी तो अपवाद धरला. त्यासाठी मॅडमना एक फोन करता आला असता. केला नाही.

केसपेपरवर मी लिहिलं: 'जीपच्या धडकेत स्त्रीचा मृत्यू झाल्याची कबुली. पोलिसांकडे नेत आहे.' केसपेपर म्हणजे दवाखान्यात आल्यावर मिळणारा नोंदीचा कागद. आमच्याकडे तो रुग्णच सांभाळतो. उत्तमनं तो वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मी त्याला माझ्या मोटारसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं. वाटेत तो एकदाच बोलला. "बरं झालं सर. कुणीतरी इश्वास ठेवला."

पोलिसांनी आपलं काम नीट केलं. जीप तपासली. पुलाखालचे पाइप पाहिले. दोन्ही बाजूंचा ऊस पाहिला. आसपासच्या गावांत चौकशी केली. दवाखान्यांत फोन केले. उत्तमला दोन दिवस बोलावून बाकावर बसवलं, उद्धटपणा कुणी केला नाही. तिसऱ्या दिवशी जमादारांनी मला बोलावलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ.

"सर, बाई कुटं हाय?"

"मला काय माहीत?"

"आमालाबी न्हाई. गावागावांत फोन केले. हिरव्या लुगड्याच्या बाया लई हायत, समद्या जित्या हायत. एकीनं तर उलट मलाच शिव्या दिल्या." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "एक सांगू का? रागावू नका. नोकरीत लई अपघात पायले. माणूस उडवून आलेला डायवर त्या जागंकडं बगत न्हाई. मान फिरवतो. तुमचा ह्यो गडी तितनं हालाया तयार न्हाई. आमालाच दाखवत बसलाय, हितं बगा, तितं बगा. तुमी डॉक्टर ना?"

"समुपदेशक."

"मंग बराबर हाय," जमादार म्हणाले.

गुरुवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "तो किती वेळा परत पाहायला गेला होता?"

"लई डाव, म्हणाला."

"म्हणजे किती? दोनदा की चाळीसदा?"

"विचारलं नाही."

"पाहून आल्यावर त्याची खात्री पटायची का? किती वेळ टिकायची?"

"विचारलं नाही."

"याआधी कधी असं झालं होतं? दुसऱ्या रस्त्यावर, दुसरं कुणी?"

तेही विचारलं नव्हतं.

"तुम्ही बाईची चौकशी केलीत," मॅडम म्हणाल्या. "त्याची राहिली."

या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत मंत्रचळ असा जुना शब्द आहे. लोकांना वाटतं, मंत्रचळ म्हणजे सारखे हात धुणारा माणूस. तो त्याचा एक प्रकार झाला. आजाराचे दोन भाग असतात. पहिला भाग विचार. नको असलेला, घाण वाटणारा, भीतीचा विचार आपणहून डोक्यात घुसतो. मी कुणाला मारलं तर? गॅस चालू राहिला तर? असे विचार तुम्हाआम्हालाही येतात आणि निघून जातात. ओसीडीत ते अडकतात. दुसरा भाग कृती. विचारानं जीव घाबरला की तो शांत करायला माणूस काहीतरी करतो. धुतो, मोजतो, परत जाऊन पाहतो, कुणाला तरी विचारतो. घटकाभर बरं वाटतं. मग शंका पुन्हा येते, आधीपेक्षा मोठी होऊन. कारण पाहिल्यानं मनाला एकच गोष्ट कळलेली असते, की हे तपासून पाहण्याइतकं धोक्याचं होतं.

आणि हा आजार बहुतेक वेळा माणसाला जे सगळ्यात नकोसं वाटतं तेच पकडतो. देवभोळ्या माणसाच्या डोक्यात देवाला शिव्या येतात. आईच्या डोक्यात लेकराला इजा करण्याचे विचार येतात. पंधरा वर्षांत कोंबडीसुद्धा न उडवलेल्या ड्रायव्हरच्या चाकाखाली बाई येते.

"बोलवा त्याला," मॅडम म्हणाल्या. "उपचार आहेत याला."

मी फोन केला. बंद होता. दोन-तीनदा केला. मग सोडून दिलं. रुग्णानं ओपीडीला यायचं असतं, आपण त्याच्या मागे जायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण लाज होती. असे दोन महिने गेले.

एका गुरुवारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"तुमीच का ते सर? कागद लिवणारे?"

ती उत्तमची बायको, संगीता. तिनं सांगितलं ते असं. ठाण्यात नेल्यावर गावात बोभाटा झाला. उत्तमनं बाई उडवली. त्याच्या जीपमध्ये बसायला लोक कचरू लागले. मग त्यानंच जीप उभी केली. आता रोज सकाळी भाकरी बांधून घेतो आणि त्या पुलावर जाऊन बसतो. दिवस मावळला की येतो.

"निस्ता बसत न्हाई. कागद काढतो, वाचतो, घडी घालतो. परत काढतो. मी म्हणते, आवो काई झालं न्हाई, पोलिसांनी पायलं की. तर म्हणतो, पोलीस आडानी हायत. सर शिकलेले हायत. त्येनला एका बैठकीत कळलं. सरकारी कागदावर लिवलंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सर, आधी हजार शंका यायच्या त्येच्या डोक्यात, पर त्या शंका होत्या. आता त्येला पुरावा घावलाय. तुमी दिलाय. पुलाखालच्या पाइपात जाऊन निजतो दुपारी. तिला कसं वाटत आसंल ते बगतो म्हणं. एक दिस तितंच राहील तो. तुमीच नेलतं ना त्येला? तुमीच आणा परत. न्हाई तर कागद बदलून द्या."

मी लगेच नवा केसपेपर ओढला. 'कोणताही अपघात झालेला नाही' एवढं लिहायला घेतलं. मॅडम शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. त्या दारात आल्या.

"लिहू नका."

"मॅडम, माझी चूक मीच—"

"तुम्ही असं लिहून दिलंत तर तो दोन कागद घेऊन बसेल. कुठला खरा, ते ताडत. आणि उद्या तिसरा मागेल."

"मग निदान माफी मागतो."

"आत्ता नाही. तुमच्या माफीत त्याला एकच गोष्ट ऐकू येईल, सर म्हणतात मी मारलं नाही. तासभर बरं वाटेल. मग तो रोज येऊन तीच माफी मागेल तुमच्याकडे. ती त्याची कृती होईल. आधी उपचार. माफीचं नंतर बघा."

मॅडमचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण ते ऐकून मला जे वाटलं ते सांगितलं पाहिजे. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुलावर गेलो. अकराचा सुमार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा नसला तरी उसाची पानं एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज चालू होता. लांबून मला रस्त्याचा एक तुकडा वेगळा दिसला. काळा, लख्ख. जवळ गेल्यावर कळलं, एकही खूण लपू नये म्हणून तो झाडलेला होता. पुलाच्या अलीकडे पन्नास पावलं, पलीकडे पन्नास. डांबरावर उसाच्या पाचटाची एक काडी नव्हती, खडा नव्हता. कठड्याला खराटा टेकवून ठेवला होता.

कठड्यावर वस्तू मांडल्या होत्या. हिरव्या बांगडीचा तुकडा. केसांची पिन. एका पायाची चप्पल, बंद तुटलेली. लाल रिबीन. हिरव्या कापडाची चिंधी. कुठल्याही रस्त्याच्या कडेला शंभर पावलं चाललात तर या वस्तू सापडतील. पण अशा ओळीनं मांडल्यावर त्यांच्यातून एक बाई तयार होत होती. मला तिची उंचीसुद्धा कळायला लागली होती.

उत्तम पुलाखालून वर आला. गालफडं आत गेली होती.

"जयभीम सर." मग माझ्याकडे पाहत हळूच म्हणाला, "तुमी आलात. म्हंजे काईतरी हाय."

मला कळलं की मी काहीही केलं तरी तो पुरावाच होणार. मॅडमनी मला एक वाक्य शिकवून पाठवलं होतं. ते मी म्हटलं.

"उत्तम, बाई असेल किंवा नसेल. ते आपल्याला कधीच शंभर टक्के कळणार नाही. तरी आपण घरी जायचं आहे."

"आसं कसं जगावं माणसानं, सर?"

"तेच शिकवायचंय तुला. मॅडम शिकवतील. मलाही शिकायचंय."

तो लगेच निघाला नाही. आम्ही दोघं कठड्यावर बसलो, मधे ती चप्पल. दोन ट्रॅक्टर गेले. प्रत्येक वेळी तो उठला आणि रस्ता झाडून आला. तिसरा ट्रॅक्टर गेला तेव्हा मी म्हटलं, "या वेळी झाडू नकोस. फक्त माझ्यासोबत बस." तो थरथरत बसून राहिला. घामानं शर्ट भिजला. पंचवीस मिनिटांनी त्याचा श्वास जागेवर आला. त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. खराटा न उचलता भीती उतरली होती. त्या दिवशी तो दुपारी घरी गेला.

उपचाराचे दोन भाग होते. एक गोळी. उदासीसाठी देतात त्याच जातीची, पण या आजारात डोस बहुधा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला दोन-अडीच महिने जातात. दुसरा भाग एक्सपोजर. भीती वाटते तिथे पायरीपायरीनं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. एवढंच. ऐकायला सोपं आहे. करायला, गरम तव्याजवळ हात नेऊन तो मागे न घेण्यासारखं आहे, फक्त तवा खरा नसतो.

आम्ही पायऱ्या लिहून काढल्या. आधी पुलावर बसायचं, पण झाडायचं नाही. मग वस्तू तिथेच सोडून यायचं. मग कागद खिशात ठेवायचा, पण उघडायचा नाही. मी म्हटलं, कागद जाळून टाकू. मॅडम म्हणाल्या, जाळणं हीसुद्धा कृतीच झाली. राहू द्या त्याच्या खिशात. मग रिकामी जीप. आरशात बघायचं ते गाडी चालवायला लागतं तेवढंच, शोधायला नाही. मागे वळायचं नाही.

संगीतालाही काम दिलं होतं. उत्तमनं 'मी मारली का' विचारलं की उत्तर द्यायचं नाही. ती चिडली. "नवरा रडतोय आन् मी गप बसू? ही कसली दवा?" पंधरा दिवसांनी तिनंच तोडगा काढला. उत्तमनं विचारलं की म्हणायची, "मला काय ठाव? मी काय चाकात बसलेते?" मॅडमना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी रिकाम्या जीपची पायरी आली. मी शेजारी बसलो. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, खडखड वाजत होती. दुपारचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊस तोडणीला आलेला, दोन्हीकडून रस्त्यावर झुकलेला.

पूल दिसायला लागला तसा उत्तमनं वेग कमी केला.

"सर," तो म्हणाला. "हाय."

मी समोर पाहिलं. कठड्यापाशी बाई उभी होती. हिरवं लुगडं. डोक्यावर गवताचा भारा, त्यामुळे तोंडावर सावली. आमच्याकडे तोंड करून, हलत नव्हती.

आम्ही तिच्या बाजूनं गेलो. पुलाच्या जोडावर चाक आपटलं. दणका बसला.

नियम मला माहीत होता. मीच लिहिला होता. तरी माझी मान वळली आणि माझ्या बाजूच्या आरशात मी पाहिलं.

रस्ता रिकामा होता. कठडा रिकामा होता.

थांब, गाडी थांबव, असं ओरडावंसं वाटलं. उत्तम गाडी चालवत राहिला. त्याची नजर समोर होती.

"सर, तुमाला दिसली?"

"सांगणार नाही."

"तुमी आरशात पायलं."

"हो. पाहिलं."

"मंग?"

मी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात मला इतकं अवघड काही वाटलेलं नाही. "पुढं चल, उत्तम," मी म्हटलं.

तो पुढे गेला. वडगावला पोचलो. तिथे चहा घेतला. येताना पुन्हा तो पूल. कुणी नव्हतं. आम्ही थांबलो नाही.

ती बाई पुलाखाली सावलीला उतरली असेल. उसात पायवाट असेल. ऊन आणि हललेला आरसा, एवढंही पुरेल. मला माहीत नाही. पुढचे तीन दिवस मी वर्तमानपत्राचं आतलं पान आधी उघडत होतो. बेवारस मृतदेह कुठे, हे बघायला. मी, समुपदेशक. चौथ्या दिवशी मोटारसायकल काढून पुलाकडे निघालो आणि निम्म्या वाटेवरून परत फिरलो. ही माझ्या आयुष्यातली पहिली पायरी.

गुरुवारी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तुमचे तीन दिवस," त्या म्हणाल्या. "त्याची किती वर्षं, हे अजून विचारलं नाहीत तुम्ही त्याला."

मग विचारलं. अकरा वर्षं. आधी कुत्रं असायचं, मग सायकलवाला, मग शाळेतली पोरं. बाई शेवटची.

उत्तम हळूहळू सुधारला. अधेमधे घसरला, पुन्हा उभा राहिला. गोळी अजून चालू आहे. जीप स्टँडवर लागते. विचार येतो का, विचारलं तर म्हणतो, "येतो की. पावण्यावानी दारात हुबा ऱ्हातो. मी च्या इचारत न्हाई. जातो मंग."

माझ्या कामात एवढाच बदल झाला की आता कुणी कबुली द्यायला आलं की मी आधी विचारतो, तू किती वेळा परत जाऊन पाहिलंस. हा प्रश्न लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. मन मोकळं करण्याची पाटी अजून भिंतीवर आहे. मन खरंच बोलत असतं, पण ते नेहमी साक्षीला उभं राहण्यालायक असतंच असं नाही. हे मला नोकरी लागली तेव्हा कळायला हवं होतं.

राहिली माफी. आता मॅडमची मनाई नव्हती. तरी आज नको, त्रास होईल त्याला, असं म्हणत मी आणखी वर्ष काढलं.

गेल्या महिन्यात शिबिरासाठी वडगावला जायचं होतं. स्टँडवर उत्तमचाच नंबर लागलेला. जीप खचाखच भरली होती. मला पुढे जागा दिली. शेजारी एक म्हातारी, मांडीवर पिशवी. माझं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. मूर्ती वाजत नव्हती. तिच्याखाली चार घड्यांचा कागद सारलेला होता. काठावर शिक्क्याचा निळा अर्धगोल दिसत होता आणि माझं अक्षर.

"हे काय?" मी विचारलं, माहीत असून.

"तुमचाच कागद सर. मूर्ती लई वाजायची."

"चल की रं बाबा," म्हातारी म्हणाली. "ऊन तापलं."

माझ्याकडे आता एकही कारण उरलं नव्हतं. बारा माणसं ऐकत होती. त्याला ठाण्यात नेलं तेव्हाही सगळ्या गावाला कळलं होतं.

"उत्तम," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझं पूर्ण ऐकून घेतलं नाही. न ऐकता कागदावर लिहिलं आणि तुला ठाण्यात नेलं. चूक माझी होती. मला माफ कर."

उत्तमनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यानं आरशात एकदा पाहिलं, गाडी काढायला लागतं तेवढंच.

"ऐकलं सर," तो म्हणाला. "पर एक डाव म्हणलात तेवढं बास. परत म्हणू नका. मला सवय लागंल."

"नाही म्हणत," मी म्हटलं. आणि वडगाव येईपर्यंत नाही म्हटलं.